दर शुक्रवारी रिकामं होणारं घर

हे सांगायचं मी चार वर्षं टाळलं. टाळायला फार कष्ट पडले नाहीत. कोणी त्या घराबद्दल विचारलं की मी नकाशा उलगडायचो, उजेड कुठून येतो, वारा कसा खेळतो ते सांगायचो, आणि विचारणाऱ्याचं तेवढ्यावर भागायचं. सगळं आयुष्य लोकांपुढे नकाशे उलगडण्यात गेलं, त्यामुळे ते मला जमतं.

गेल्या महिन्यात सरांची मुलगी तळेगावला माझ्याकडे आली. सर म्हणजे ते घर बांधणाऱ्या आमच्या संस्थेचे अध्यक्ष, कामशेतकडच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि माझे पंचवीस वर्षांचे मित्र. ते गेले त्यालाही चार वर्षं होत आली. मुलीने चहा नको म्हटलं. म्हणाली, "काका, परवा एका लग्नात एक बाई मला म्हणाली, तुझे वडील एवढे देवमाणूस, आणि तापाने फणफणलेल्या पोरीला त्यांनी घराबाहेर काढली. खरं आहे का हे?"

मी म्हणालो, "तेव्हा परिस्थितीच तशी होती गं."

ती उठली. फाटकापर्यंत गेली, परत वळून माझ्याकडे पाहिलं, आणि गेली.

सरांनी त्या मुलीला बाहेर काढलं नाही. मी काढलं. सरांनी तर काढू नका म्हणून सांगितलं होतं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना मला निसटता येणार नाही.

माझा धंदा बंगल्यांचा. लोणावळा, खंडाळा, नंतर पवनेच्या काठाने, मुंबईच्या लोकांना सुट्टीचे बंगले लागत आणि त्यांचे नकाशे मी काढून देत असे. या बंगल्यांची एक रीत असते. मालक वर्षातून तीन-चार वेळा येतो, बाकीचे शनिवार-रविवार बंगला भाड्याने जातो. म्हणून प्रत्येक बंगल्यात एक लहानशी, बिनखिडकीची खोली ठेवायची. मालकाचे देव, फोटो, चांगली भांडी, कपडे, सगळं तिच्यात कोंबून कुलूप लावलं की उरलेलं घर कोणाचंही होतं. माळ्याची किंवा राखणदाराची खोली मागे, तिचं तोंड डोंगराकडे, म्हणजे त्यांचे वाळत घातलेले कपडे पाहुण्यांच्या नजरेस पडायला नकोत. हे मला डोळे मिटून काढता येई. सवय झाली की माणूस विचार करत नाही.

सरांनी मला बोलावलं ते वेगळ्याच कामासाठी. तालुक्यातल्या एका बालगृहातल्या मुली त्यांच्या शाळेत शिकल्या होत्या. बालगृहातल्या बऱ्याच मुलांची खरी जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसते. शाळेत घालताना मग एक जून लावतात. माझ्या वडिलांचीही एक जूनच होती, त्यात विशेष काही नाही. पण बालगृहात त्याचा परिणाम असा होतो की अठरा पूर्ण झालेल्या कितीतरी जणी एकाच दिवशी बाहेर पडतात. सरांनी एका एक जूनला सकाळी त्या फाटकापाशी तीन मुली ट्रंका घेऊन उभ्या असलेल्या पाहिल्या. कोण न्यायला येणार म्हणून त्यांनी विचारलं. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

एकीचं आठवड्याच्या आत लग्न लावून दिलं, दुप्पट वयाच्या माणसाशी. दुसरीला घेऊन सर तळेगावात आणि वडगावात खोली शोधत फिरले. आईवडील कुठे असतात? आधार कार्डावर पत्ता कुठला? पत्ता बालगृहाचा म्हटल्यावर घरमालकिणी दार अर्धं लोटून बोलायच्या. अशा मुलींना अठरानंतर राहायला सरकारी अनुरक्षणगृहं आहेत, पण थोडी आणि लांब. इथली कामं, इथल्या मैत्रिणी सोडून तिकडे जायला कोणी तयार होत नसे. सर म्हणाले, "अहो, आपण चार खोल्यांचं का होईना, घर बांधू. दोन-तीन वर्षं राहतील, कामाला लागतील, मग जातील आपापल्या पायाने." कान्ह्याच्या पुढे टेकडीच्या पोटाशी एका भल्या माणसाने जागा दिली. नकाशा मी फुकट काढणार होतो.

काढण्याआधी सर मला बालगृहात घेऊन गेले. पुढच्या जूनला बाहेर पडणाऱ्या मुली सतरंजीवर बसल्या होत्या. मी वही उघडून विचारलं, तुम्हाला घरात काय काय हवं? एकीला भिंतीवरचा मोठा आरसा हवा होता. एक म्हणाली, आतून लावता येईल अशी कडी, जी बाहेरून कोणालाच उघडता येणार नाही. त्यावर सगळ्या हसल्या, पण सगळ्यांना तीच हवी होती. एकीला स्वतःच्या हाताने, कोणाला न विचारता, कधीही चहा करायचा होता.

मागे भिंतीला टेकून एक मुलगी बसली होती. डोंगरातल्या एका वाडीवरची. आई वारली तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल, तेव्हापासून बालगृहात. बोलायची पुस्तकातल्यासारखं, पण मनातलं बोलायला लागली की वाडीची भाषा वर यायची. ती म्हणाली, "जिथून हलवणार न्हाईत असं कायतरी काढा."

मी थट्टेने म्हणालो, "अगं, घर कुठे हलतं?"

"घर न्हाई हलत आबा. आमी हलतो."

ती किती वेळा हलली होती ते तिने बोटांवर मोजलं. लहान मुलींच्या इमारतीतून मोठ्यांच्या, मग दुरुस्ती निघाली म्हणून दुसऱ्या गावी, तिथून परत, मग वेगळ्या हॉलमध्ये. दर वेळी ट्रंकेवरचा आकडा खोडून नवा रंगवायचे. आपली ट्रंक मला दाखवायला घेऊन आली. जुन्या आकड्यांवर नवे चढून तिथे पत्र्यावर पोपडा धरला होता.

मी तिचं वाक्य वहीत लिहून घेतलं. भूमिपूजनाच्या दिवशी देणगीदारांसमोर वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. ती मुलगी मागे उभी होती, तिला पुढे बोलावून कोणीतरी गुलाबाचं फूल दिलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

पहिला स्लॅब पडला आणि टाळेबंदी लागली. देणग्या आटल्या. सळ्या गंजत उभ्या राहिल्या. त्यात दोन एक जून येऊन गेले. मुलींना बालगृहाने कसंबसं सांभाळून घेतलं, पण किती दिवस घेणार? सर रोज सकाळी मला फोन करायचे आणि काही न बोलता नुसते धरून बसायचे. मग टाळेबंदी उठली, आणि कोंडलेली माणसं लोणावळ्याकडे लोटली. बंगले मिळेनात. माझी जुनी गिऱ्हाइकं मला विचारू लागली, कुठे काही आहे का बघा. तेव्हा मला ती कल्पना सुचली. मलाच सुचली. पुढे सगळीकडे ती सरांची म्हणून सांगितली गेली, आणि मी सांगू दिली.

मी सरांना म्हणालो, घर थोडं वेगळं बांधू. शनिवार-रविवार ते पाहुण्यांना देऊ. त्या पैशात घर उभं राहील आणि चालेलही. मुली पाच दिवस वर राहतील, दोन रात्री खाली हॉलमध्ये झोपतील.

सर म्हणाले, "अहो, पण ती पोरगी काय म्हणाली होती?"

"दोनच रात्री, सर. आणि घर पायावर उभं राहीपर्यंतच."

त्यांनी जुना नकाशा घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "घरातलं तुम्हाला कळतं. तुम्ही म्हणता तर करा."

मी नकाशा बदलला. वरच्या चार खोल्यांना बाहेरून वेगळा जिना दिला. मधे बिनखिडकीची खोली काढली, मुलींच्या ट्रंकांसाठी. मागे एक खोली काढली, तोंड डोंगराकडे. आतून लावायची कडीही दिली. तिच्याबद्दल संस्थेच्या विश्वस्तांची अट होती, आत कोणी काही करून घेतलं तर उघडता आलं पाहिजे. म्हणून मी असं कुलूप निवडलं की बाहेरच्या बाजूला एक खाच असते, तिच्यात नाणं घालून फिरवलं की उघडतं. खाचेवर पितळी टिकली बसवली. मुलींना सांगितलं, बाहेरून उघडत नाही.

चार मुली राहायला आल्या, त्यांत ट्रंक दाखवणारी तीही. सोबत एक मावशी, मधल्या वयाची, स्वयंपाकाला आणि लक्ष ठेवायला. पहिले तीन आठवडे पाहुणे नव्हते. ते दिवस मी विसरत नाही. ती मुलगी परंदवडीजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती. सकाळी कान्ह्याहून लोकल, तळेगावला उतरून पुढे रिक्षा. संध्याकाळी आली की कोणाला न विचारता चहा टाकायची, मी असलो तर मलाही द्यायची. चहात साखर फार असायची. न्हाणीघरात तिने एका स्टीलच्या पेल्यात आपला दात घासायचा ब्रश ठेवला होता. मला त्याचं काय कौतुक ते कळेना, तर मावशीने सांगितलं, बालगृहात ब्रश ज्याने त्याने आपल्या ट्रंकेत ठेवायचा असतो. बाहेर ठेवायला मिळाला म्हणून ती दिवसातून दोनदा जाऊन बघते.

मग पहिला शुक्रवार आला.

दुपारी चारला सुरुवात व्हायची. चादरी काढायच्या, पाहुण्यांच्या पांढऱ्या घालायच्या. भिंतीवरची चित्रं, कॅलेंडर उतरवायचं. कपडे, पुस्तकं, पावडरचे डबे, तो पेला, सगळं ट्रंकांत, ट्रंका कुलपात. न्हाणीतल्या जाळीतले केस काढायचे, कारण एका पाहुणीने तक्रार केली होती. दोन रात्री म्हटल्या होत्या त्या तीन होत, सोमवारी सकाळी परत सगळं वर. शुक्रवारी त्या मुलीची कारखान्यात दुसरी पाळी असेल तर तिचं सामान इतर जणी भरायच्या, आणि हे तिला अजिबात खपायचं नाही. ती पाळी बदलून घ्यायला लागली. मुकादम कुरकुर करायला लागला.

ओढाताण मला दिसत होती. पण मी नकाशे काढणारा माणूस. मी त्यावर उपाय काढला, तो असा की कपाटांना चाकं लावली. कपाट भरलेलंच ढकलत न्यायचं, कुलपात लावायचं, सोमवारी ढकलत परत आणायचं. लोणावळ्यातला माझा सुतार म्हणाला, काय डोकं चालवलंत. पाहायला आलेल्या सगळ्यांनी वाखाणलं. मी मुलींना ढकलून दाखवलं. बाकीच्या हसल्या. ती म्हणाली, "लय भारी, आबा. आता आमालाच चाकं लावा, म्हणजे मावशीला हाका मारत बसायला नको."

मीही हसलो. ते बोलणं दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी समजलो असतो. वीस वर्षांच्या मुलीला टोमणा मारता येतो हे मला मान्य नव्हतं.

पावसाळ्यात गर्दी वाढली. गुरुवारपासून सोमवारपर्यंत पाहुणे येऊ लागले. खाली हॉलमध्ये मुली झोपलेल्या त्यांना आवडेना. मोकळं वाटत नाही म्हणाले. मुली मागच्या खोलीत गेल्या. तिथे पाण्याच्या मोटरीचा आवाज होता आणि चौघींना पाय पसरता येत नव्हते. पाहुण्यांना पिठलं-भाकरी हवी असायची, ती मावशी आणि मुली करून द्यायच्या. एकदा मी तिथे असताना एका बाईने त्या मुलीला विचारलं, तू इथल्या केअरटेकरची मुलगी का? ती "हो" म्हणाली. नंतर मी तिला म्हणालो, खरं सांगायचं की. तर म्हणाली, "खरं सांगितलं की मग घरात बोलावून बसवतात आणि विचारतात. एका शब्दात सुटतंय तर सुटू दे."

आठवड्यातले दोन-तीन दिवस वर, चार-पाच दिवस मागे. हे घर कोणासाठी बांधलं ते कोणी परक्याने बघून ओळखलं नसतं. सर त्या काळात आजारी पडले होते, किडन्या जवळजवळ गेल्या होत्या, पुण्याला दवाखान्यात होते. सगळं माझ्या हातात होतं. थांबवणं माझ्या हातात होतं. पुढच्या महिन्यापासून थांबवू, असं मी दर महिन्याला ठरवत होतो.

ऑगस्टमधला जोडून सुट्ट्यांचा शुक्रवार. चार दिवसांसाठी पूर्ण घर घेतलेलं, मागच्या खोलीसकट. तिथे त्यांचे ड्रायव्हर झोपणार होते. घेणारं माझं जुनं गिऱ्हाईक. त्या मुलीच्या अंगात आठ दिवस ताप होता, डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला होता. बाकीच्या तिघींना मावशी वडगावला आपल्या बहिणीकडे नेणार होती. बहिणीच्या घरात तान्हं मूल, ती म्हणाली तापाचं माणूस नको. बालगृहात विचारलं. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला ठेवता येत नाही म्हणाले, आणि नियम तसाच होता.

मी सरांना फोन केला. ते धापा टाकत बोलत होते. म्हणाले, "त्या पोरीला हलवू नका. पार्टी रद्द करा. माझं नाव सांगा, शिव्या मला घालू दे."

मी "बरं" म्हणालो.

आणि रद्द केलं नाही. मी स्वतःला सांगितलं की आगाऊ घेतलेले पैसे मोटरीच्या दुरुस्तीत गेले आहेत, परत कुठून देणार. ते खरं होतं, पण कारण ते नव्हतं. त्या माणसाचा बंगला मी तीस वर्षांपूर्वी काढला होता. त्याच्यापाशी मी या घराच्या बढाया मारल्या होत्या. त्याने येऊन बघावं, चाकांची कपाटं बघावीत, चार लोकांत माझं नाव घ्यावं, असं मला वाटत होतं. सत्तरी उलटलेल्या माणसाला, ज्याला आता कोणी काम देत नव्हतं. एवढ्यासाठी.

माझ्या घरी वरची खोली रिकामी होती. आजही आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशात. गाडी काढताना मला त्या खोलीची आठवण झाली होती. मग वाटलं, एकटा म्हातारा, तरणी मुलगी, शेजारी काय म्हणतील. तेवढ्यावर तो विचार मी टाकून दिला.

बारा वाजता पोचलो. तीन मुली पिशव्या घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मावशी जिन्यात उभी राहून हाका मारत होती. आजारी पोरीने आतून कडी लावली होती. मीही हाक मारली. "बाळ, उघड. चारच दिवसांचा प्रश्न आहे."

आतून आवाज आला, "मला उठवत न्हाई, आबा."

"मावशी सामान भरेल. तू नुसती खाली ये."

"मी हितंच पडते. कुणाला दिसणार न्हाई. आवाज करणार न्हाई. त्यांना सांगा ही मालकाची खोली हाय, कुलूप हाय."

मावशी माझ्याकडे बघायला लागली. तिलाही ते शक्य वाटत होतं. एक खोली बंद ठेवली असती तर काय झालं असतं? चारातली एक. मी आज उत्तर शोधतो आणि मला एकही सापडत नाही. तेव्हा मी मोठ्याने, मावशीलाही ऐकू जाईल असं म्हणालो, "सरांनीच सांगितलंय. घर पूर्ण रिकामं करा म्हणाले."

मला वाटलं होतं, सरांचं नाव घेतलं की ती उघडेल. सरांवर तिचा जीव होता. आत पलंग करकरला. मग ती म्हणाली, "सर असं म्हणणार न्हाईत."

मी खिशातून नाणं काढलं, टिकली सरकवली आणि कुलूप फिरवलं.

ती पलंगावर बसलेली होती, भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन. ती माझ्याकडे बघत नव्हती, कडीकडे बघत होती. रडली नाही. जरा वेळाने विचारलं, "हे बाहेरून उघडतंय, कधीपासनं?"

मी म्हणालो, "पहिल्यापासून."

तिने मान हलवली. मग ती उठली आणि स्वतःच आवरायला लागली. मावशी मदतीला गेली तर तिचा हात बाजूला केला. चादर काढली, चारी कोपरे जुळवून घडी घातली, पाहुण्यांसाठी शिकवली होती तशी. पांढरी चादर घालताना दोनदा पलंगाला धरून थांबली. मी दारात उभा होतो. मला थांब म्हणता आलं असतं. त्या दहा-पंधरा मिनिटांत कितीतरी वेळा म्हणता आलं असतं.

मी विचारलं, "सोमाटण्याला तुझी ती मैत्रीण राहते ना, कारखान्यातली? तिच्याकडे सोडू?"

"हाय. स्टेशनवर सोडा, मी जाते."

ती मैत्रीण महिन्यापूर्वीच काम सोडून गावी गेली होती. मावशीने मला ते सांगितलं होतं, मला आठवतही होतं. तिलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. पण पाहुणे तीनला येणार होते.

कान्हे स्टेशनवर ती एक पिशवी घेऊन उतरली. ट्रंक कुलपातच राहिली. मी खिशातल्या नोटा काढून दिल्या, तिने घेतल्या नाहीत. फलाटावरच्या बाकावर जाऊन बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. मी गाडी वळवली. आरशात एकदाच बघितलं. ती रुळांकडे बघत होती.

पाहुण्यांना घर फार आवडलं.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. मावशीने रजिस्टर पुढे केलं. त्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं, "स्वखुशीने गेली." खाली सही केली. मी शंभर वेळा कशाकशावर सह्या केल्या असतील, पण ही सही मला दिसत राहते.

मी परंदवडीला कारखान्याच्या गेटवर गेलो. कामावर आलीच नाही, नाव काढलं म्हणाले. जवळपासच्या दवाखान्यांत विचारलं. पंधरा दिवसांनी डोंगरातल्या तिच्या वाडीवर गेलो. शेवटचा रस्ता चालत. एका झोपडीसमोर एक म्हातारी नाचणी निवडत बसली होती, नात्याने मुलीची चुलत आजी लागत होती. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "हितं कशाला यील ती? हितं तिचं काय हाय? आई मेली तवा उचलून नेली, त्यानंतर पोर हितं फिरकली न्हाई." मग हातातलं सूप खाली ठेवून मला म्हणाली, "तुमी तिला घर दिलं व्हतं न्हवं? मंग ती कुटं गेली, त्ये मला इचारताय व्हय?"

मी उठलो. तिने पाणी दिलं होतं ते तसंच राहिलं.

सर दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होते. मला बघितलं की विचारायचे, "पोरगी बरी झाली का?" मी सांगायचो, बरी आहे, कामावर जायला लागली. "पार्टी रद्द केली ना?" केली. ते डोळे मिटायचे. तसेच गेले. त्यांच्या मागे संस्था चार-सहा महिने रडतखडत चालली. उरलेल्या मुली एकेक करून पांगल्या. आता ते घर आठवडाभर भाड्याने जातं. मावशीने लोकांना तिने ऐकलं होतं तेच सांगितलं, सरांनी पोरीला काढायला लावली. ती खोटं बोलली नाही. तिने ते माझ्याच तोंडून ऐकलं होतं.

मुलगी जिवंत आहे हे मला दोन वर्षांनी कळलं. लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूला एका बंगल्याची न्हाणी गळत होती, मालकाने मला बघायला बोलावलं. सोमवारची सकाळ, आदल्या दिवशीचे पाहुणे गेलेले. दोन-तीन बायका साफसफाई करत होत्या. मी आत पाय टाकला आणि आवाज आला, "चपला तिकडं काढा, आबा. आत्ताच पुसलंय."

ती होती. वाळली होती, आवाज जाड झाला होता. उशीला अभ्रा घालत होती. मी विचारलं कशी आहेस, तर बरी हाय म्हणाली. कुठे राहतेस विचारलं. "काम असंल तिथं. आज हितं, उद्या दुसरीकडं." मी सांगितलं, तुझी ट्रंक माझ्याकडे आहे, जपून ठेवली आहे. "काय हाय तिच्यात? द्या कुणालातरी." ताप कसा उतरला, त्या दिवशी ती कुठे गेली, हे मी विचारलं नाही. ती दिवसचे दिवस त्याच स्टेशनवर होती असं तिने सांगितलं असतं तर मला ऐकवलं नसतं.

तिने दुसरी उशी उचलली. मग तिने विचारलं, "सर कसे हायेत?"

"सर गेले. तेव्हाच. ऑगस्ट संपता संपता."

ती हातात उशी धरून उभी राहिली. मग म्हणाली, "त्यांच्यावर लय राग होता मला. आबा, तुमचं काय, तुमी तर सांगितलेलं करणार. पण सर म्हणाले, त्याचं लय लागलं. कधी भेटले असते तर विचारणार होते, असं का म्हणालात म्हणून." तिने अभ्र्याचा कोपरा नीट केला. "जाऊ द्या. मेलेल्या माणसाला काय विचारायचं."

मी उघड्या दारात अनवाणी उभा होतो. ती आणि मी, मधे एक पलंग. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझे ओठ हलले, आणि मी विचारलं, "न्हाणी कुठली गळते?"

तिने हाताने दाखवली. मी आत जाऊन भिंतीची ओल बघत उभा राहिलो, ओल बघायला लागते त्याच्या कितीतरी पट वेळ. बाहेर आलो तेव्हा ती दुसऱ्या मजल्यावर गेली होती. वरून बादलीचा आवाज येत होता. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला.

पुढच्या सोमवारी गेलो. वेगळ्या बायका होत्या. ठेकेदार बदलला म्हणाले, आधीच्या कुठे गेल्या ठाऊक नाही. त्यानंतर मी लोणावळ्यात, खंडाळ्यात, पवनेच्या काठाला, ज्या ज्या बंगल्यात ओळख होती तिथे सोमवारी जाऊन बघितलं. अजूनही गुडघे साथ देतील तेव्हा जातो. सरांच्या मुलीला हे लिहिलेलं उद्या नेऊन देणार आहे, ती काय म्हणायचं ते म्हणेल. पण जिला सांगायचं ती कुठे आहे मला ठाऊक नाही, आणि तिच्यापर्यंत हे पोचेल असं मला वाटत नाही. ती समोर असताना जे बोललो नाही ते एवढंच होतं.

बाळ, सरांनी तुला राहू द्या म्हणून सांगितलं होतं. तुला बाहेर काढणारा मी एकटा. त्यांचं नाव मी खोटं घेतलं, तुझ्यापाशी आणि नंतर सगळ्यांपाशी. त्यांच्यावर रागवू नकोस. माझं चुकलं.